‘ओहोटी’ला आकडे नाहीत

श्री. काशिनाथ भोईर, म्हणजे आपले भोईरकाका, मला पहिल्यांदा भेटले ते भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी तिथे बॅनर बनवत होतो. आमच्या मशीनमुळे त्यांचे बोर्ड रंगवण्याचे काम गेले होते. ते भांडायलाच आले असणार असे धरून मी आधीच आवाज चढवला. ते मात्र माझ्यामागे उभे राहून स्क्रीन बघत राहिले. म्हणाले, “तुज्या अक्षरांना हात न्हाय रे, पोरा.”

त्यांचा स्वतःचा हात तेव्हाच कापू लागला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, हे वाढतच जाणार. हात आहे तोवर आपली ब्रशची अक्षरे संगणकात उतरवायची, एवढाच काकांचा ध्यास. सकाळी हात जरा स्थिर असे, म्हणून ते अंजूरहून सकाळीच रिक्षाने येत. ते कागदावर अक्षर काढत, मी स्कॅन करून साफ करी. जास्त गुळगुळीत केले की रागावत. फटकाऱ्याच्या शेवटी रंग विरळ होतो आणि खालचा कागद डोकावतो, ती जागा त्यांना जशीच्या तशी हवी असे. तिला ते ओहोटी म्हणत. फॉन्टचे नावही तेच ठेवले. दुकानाचे मालक अन्सारीभाई हैराण झाले. “काका, शादी के कार्ड पे ओहोटी? कौन लेगा?” काकांनी त्यांनाच विचारले, पाणी उतरल्याबिगर खाडीतल्या चिखलावरच्या रेघा कुणाला दिसतात?

अक्षरे झाली, काने-मात्रे झाले, जोडाक्षरे झाली. आकडे तेवढे उरले. ते काढायला काका ज्या सकाळी बसले, त्याच सकाळी एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. दुकानात लावलेला नमुना पाहून त्यांना ओहोटीच हवी होती. मुलीचे नाव इथे लिहीत नाही. कॉलेजात मी तिच्यासाठी जात होतो आणि ती ‘नाही’ म्हणाल्यावर जायचा थांबलो, एवढे पुरे. मी कीबोर्ड आपटला, त्या गृहस्थांना नको ते बोललो. दुकानात टाइप करणारा मी एकटाच. अन्सारीभाई मला हाकलणार, तेवढ्यात काका उठले.

“तू भायेर बस. तिचं नाव मी लिवतो.”

त्यांनी वधू-वर लिहिले, आईवडील लिहिले, मामा-आत्यांची सगळी रांग हाताने लिहिली. तारखेपाशी येईस्तोवर हात चालेनासा झाला. नंतर कितीतरी सकाळी ते ब्रश घेऊन बसले, पण साधा ‘१’सुद्धा सरळ उभा राहिना. त्या दिवसाचा उच्चार त्यांनी माझ्यापाशी कधीच केला नाही.

आज भिवंडीत हळदीचे बॅनर, गोदामांच्या पाट्या, चौकातल्या श्रद्धांजल्या, सगळीकडे ओहोटी आहे. तारीख आणि फोन नंबर मात्र परक्या फॉन्टात. कुणाच्या लक्षात येत नाही. मला दर चौकात दिसते.

काकांच्या वाढदिवसाच्या या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर समितीला ‘७५’ हवा होता. काकांच्याच अक्षरांचे फटकारे कापून, जोडून आकडे करू का, असे मी विचारायला गेलो. हात पांघरुणाखाली ठेवून ते म्हणाले, “कापू नको रं. अक्षरांत लिव की.”

म्हणून मुखपृष्ठावर ‘पंच्याहत्तर’ आहे. काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांचे प्रत्येक वर्ष आम्हाला असेच अक्षरांत लिहावे लागो. ‘शंभर’ मी कालच टाइप करून पाहिले. सुरेख दिसते.