खोकल्यावर चालणारी फिल्म

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला अजून बसलेला नाही. अक्षर तर असं, की वाण्याला यादी पाठवली की तो परत फोन करून विचारतो. ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या कडेला पोचेपर्यंत खाली उतरते. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यापेक्षा हे वाकडं लिहिणं सोपं.

वैशाखात आमच्या मुलीचं लग्न झालं. अक्षता पडल्या तेव्हा मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत खण-नारळ मोजत होते. म्हणजे लेकीचं लग्न मी पाहिलंच नाही. मालक, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "शूटिंग चाललंय की. मागनं बघ निवांत." शूटिंगवाल्याने वर उडणारा कॅमेरासुद्धा आणला होता. त्याचे अठरा हजार द्यायचे राहिले, आणि ते हातात पडेपर्यंत फिल्म द्यायची नाही असं त्याने ठरवलं. मालक दोनदा त्याच्या दुकानात जाऊन, "माणूस बघून बोलत जा," असं सुनावून आले. त्याने माणूस बघितला होता, पैसे तेवढे बघितले नव्हते.

मी ब्लाउज शिवते. दिवसा गाया आणि रान, संध्याकाळी मशीन. तीन वर्षांत माझ्याजवळ बरोब्बर अठरा हजार साठले होते. श्रीरामपूरच्या एक बाई आपली पिको-फॉलची मशीन तेवढ्यालाच विकणार होत्या. दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी ठेवते, म्हणाल्या. आमच्या गावात पिको कुणी करत नाही, प्रत्येक साडी बेलापूरला पाठवावी लागते. ती मशीन आली असती तर सगळ्या साड्या माझ्याच दारात येणार होत्या.

गणपतीच्या आधी मालक माझ्याशी गोड बोलायला लागले. भाजीत मीठ कमी होतं तरी काही म्हणाले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"एका म्हैन्याचा तर परश्न हाय. तुझे तुला देतो."

मी दिले.

फिल्म एवढ्याशा डबीत आली, अंगाच्या साबणाएवढ्या. समोरच्या खोलीत आमचा मोठा टीव्ही आहे. त्याला डबी जोडली तर टीव्हीवर पाटी आली की ही फाईल चालत नाही. मालकांनी टीव्हीच्या सात पिढ्या काढल्या. मग मुलगा नगरहून सुट्टीला आला. तो तिथे एमआयडीसीत कामाला आहे. त्याचा शिकतानाचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत माझ्या मशीनशेजारी धूळ खात पडलेला होता. त्याने फिल्म त्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि अशी सोय केली, की आत कॉम्प्युटरवर लावायची आणि दिसायची बाहेर टीव्हीवर, आत नुसती चालू-बंदची पट्टी. मध्ये वायर नाही, नुसता वायफायचा डबा.

शिकवायला त्याने वडिलांना बसवलं. दोन मिनिटांत त्यांना फोन आला, ते बोलत बोलत अंगणात गेले ते गेलेच. मग तो मला म्हणाला, "आई, तूच बघ. ह्या फिल्मवर माऊसचं उजवं बटण दाबायचं. टीव्हीचं नाव दिसेल, ते निवडायचं. थांबवायचं असेल तर ह्या दोन उभ्या रेघा. मागं-पुढं करायचं तर ही खालची पट्टी." मी ते बाहीचं माप लिहावं तसं वहीत उतरवून घेतलं आणि चारदा करून पाहिलं. चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून माणसं परस्पर आमच्याकडे आली. मालक मधोमध बसले, हातात रिमोट. मला त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "मी खोकलो की लाव. लाव गं, लाव गं म्हणून वरडायला लागलं तर बरं दिसत न्हाई."

बाहेर ते सांगत होते, "वायर न्हाई काय न्हाई. हवेतून येतं."

"हवेतून? कसं काय?"

"आता तुमाला काय सांगू. टेक्निकल हाय."

मग खोकला आला. मी बटण दाबलं. बाहेर मालकांनी रिमोट उचलून टीव्हीवर रोखला, आणि आमची मुलगी हवेतून भिंतीवर आली. माणसं म्हणाली, वा. त्या दिवसापासून गावात असं झालं, की कॉम्प्युटरमधलं मालकांना लई कळतं. मध्ये हवा बदलली आणि त्यांना खरंच खोकला झाला. एका संध्याकाळी फिल्म सहा वेळा थांबली आणि सहा वेळा सुरू झाली. सगळ्यांनी मोबाईलच्या टॉवरला शिव्या घातल्या.

फिल्म साडेतीन तासांची होती. त्यात लग्न अकरा मिनिटं. बाकी सगळे सत्कार. आमच्याकडे लग्न म्हणजे मुलगा-मुलगी उभी करून ठेवायची आणि येईल त्याला फेटा, शाल, नारळ द्यायचा. एक पुढारी उशिरा आले म्हणून मुहूर्त पुढे गेला. त्यांनी माईक धरून पाटपाण्याचं आवर्तन, उसाचा भाव आणि रस्त्याचं काम एवढं सांगितलं, मग शेजारच्याला हळूच नवरा-नवरीची नावं विचारली आणि आशीर्वाद दिला. फिल्ममध्ये ते विचारणंही स्वच्छ ऐकू येतं. मी एकदाच दिसते, हातात स्टीलचा डबा घेऊन, पाठमोरी.

ती अकरा मिनिटं मी एका दुपारी घरात कुणी नसताना पाहिली. आत बटण दाबून बाहेर पळत यायचे, तोवर पहिलं मंगलाष्टक निम्मं होऊन जायचं. तीन वेळा पळाले. मग पदर खोचून पळाले तेव्हा सुरुवात सापडली. लेक खाली मान घालून हसत होती.

माणसं मात्र आपापला सत्कार बघायला यायची. एकदा बघून झाला की दुसऱ्या दिवशी बायको-पोरांना घेऊन यायची. सोसायटीचे माजी चेअरमन आले त्या दिवशी नेमकी शाल खांद्यावर पडायच्या आधी फिल्म अडकली. टीव्हीवर नुसतं चाक फिरत राहिलं.

"मला शाल घातली का न्हाई?" चेअरमननी विचारलं.

"घातली, घातली. फिल्म आडकलीय," मालक म्हणाले.

"माझ्याच टायमाला बरी आडकती. काढून टाकलं आसंल तर तसं सांगा."

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. शूटिंगवाल्याला पैसे देऊन आपला सत्कार कापला, असं त्यांनी सोसायटीत बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले आणि तीच शाल चार वेळा खांद्यावर घालून दाखवली. तोवर मी एवढंच केलं होतं, की वायफायचा डबा लोखंडी कपाटामागून काढून मशीनच्या फळीवर ठेवला. त्यानंतर फिल्म कधी अडकली नाही. का अडकत नाही, हे कुणी विचारलं नाही. टॉवर सुधारला, असं ठरलं.

माझी अडचण वेगळीच होती. वायफायच्या डब्याचा सोडला तर आतल्या खोलीत चालणारा प्लग एकच. त्यात मशीनची मोटार तरी लावायची, नाहीतर कॉम्प्युटर. संध्याकाळी फिल्म, म्हणून संध्याकाळी मशीन बंद. वर पंधरा माणसांचा चहा. नवरात्रासाठी आलेले ब्लाउज वेळेवर होईनात, तशा बायका कापड परत मागून बेलापूरला जाऊ लागल्या. एक जण म्हणाली, "तुमच्याकडं काय बाई, रोजच लगीन." म्हणजे माझे साठलेले पैसे फिल्ममध्ये गेले आणि नवे येणारे फिल्मपायी थांबले.

महिना झाला तेव्हा मी विचारलं, "ते पैशाचं?"

"पितरपाटात पैशाचा व्यवहार करत्यात का?"

पितृपक्ष संपला. परत विचारलं.

"घट बसल्यात. घरातली लक्ष्मी भाहेर काढू नये."

लक्ष्मी माझी होती आणि आधीच बाहेर गेली होती. श्रीरामपूरच्या बाईंचा फोन आला, दुसरं एक गिऱ्हाईक मागतंय म्हणाल्या. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत तुम्ही शब्द दिलाय. फोनवर मला बोलता येतं, समोर तोंड नसतं म्हणून.

दसऱ्याला आक्का आल्या. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, पुणतांब्याला दिलेली. मालक जगात त्यांना एकट्यांना भितात. आक्कांनी फिल्म पाहिली नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी सगळी खोली भरली. चेअरमनही होते. खोकला आला, मी फिल्म लावली.

फिल्मच्या मध्यावर मालकांचं भाषण आहे. फेटा बांधून, माईक हातात घेऊन ते म्हणतात, "पाहुणे मंडळी, लेकीच्या लग्नात मी कुणाचा एक रुपया उसना घेतला नाही, आणि घेणारही नाही." हे मी तोवर चाळीस वेळा तरी ऐकलं असेल. दर वेळी बाहेर कुणीतरी 'वा' म्हणायचं. त्या दिवशीही म्हटलं.

आता मी लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. माझं बोट खालच्या पट्टीवर गेलं आणि मी फिल्म थोडी मागे घेतली. "पाहुणे मंडळी, लेकीच्या लग्नात मी कुणाचा एक रुपया..." संपलं. परत मागे घेतली.

बाहेरून चेअरमनचा आवाज आला, "आरं, कळलं. फुडं घे की."

"घेतो, घेतो," मालक म्हणाले आणि रिमोट दाबत राहिले. त्या रिमोटने आवाज वाढला. तिसऱ्यांदा एक रुपया उसना न घेतल्याचं पार गल्लीत ऐकू गेलं.

"रिमोट तुझ्या हातात, मंग तेच तेच का लावतो रं?" आक्का म्हणाल्या. "येवढ्यांदा सांगतुयास म्हंजी कुणाचे तरी घेतले आसणार."

"कुणाचे घेऊ?"

चेअरमन म्हणाले, "त्यो शूटिंगवाला तर सांगत हुता, लई दिस पैसे आडकलेत म्हणून. दिलेस का?"

"दिले की. एकरकमी."

"कुठनं दिले?" आक्कांनी विचारलं.

मी दोन उभ्या रेघा दाबल्या. दाराच्या फटीतून बघितलं तर टीव्हीवर मालक तोंड उघडं ठेवून थांबले होते आणि खाली बसलेलेही तसेच. ते खोकले. मी फिल्म लावली नाही. ते परत खोकले, जरा जोरात.

"पानी द्या रं याला कुणीतरी," चेअरमन म्हणाले.

पाणी घेऊन जाणारी मीच होते. एवढ्या माणसांत मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. पदर सारखा केला आणि तांब्याकडे बघत गेले. तांब्या मालकांपुढे ठेवून वळले, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "तुला तरी ठावं हाय का गं, कुठनं दिले?"

जीभ नेहमीसारखी टाळ्याला चिकटली. मला श्रीरामपूरची मशीन दिसली, दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या टेम्पोत चढताना.

"माझ्या शिलाईचे," मी म्हटलं. "अठरा हजार."

आक्का मालकांकडे वळल्या. मग चेअरमन म्हणाले, "म्हंजी वैनींच्या पैशानं आमी म्हैनाभर शाली पांघरतोय." सगळे हसले. मालकही हसले, दुसरं करायला काही उरलं नव्हतं.

"तू हसू नगंस," आक्का त्यांना म्हणाल्या. "तिचं तिला दे."

त्या रात्री जेवताना मालक म्हणाले, "चारचौघांत बोलायची काय गरज हुती?" मी भाकरी वाढली. चारचौघांत ते चाळीस वेळा बोलले होते, मी एकदा. फिल्म तिथेच का अडकली, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर रिमोटचंही निघालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉम्प्युटरचा प्लग काढून मशीनचा लावला. कुणी बघायला आलं तर मालक सांगायचे, टॉवर गेलाय. पुणतांब्याहून एक दिवसाआड फोन यायचा. आक्का हालहवाल विचारायच्या नाहीत, "दिले का?" एवढंच विचारायच्या. दुधाचा दहा दिवसांचा पगार झाला तेव्हा मालकांनी पाच हजार दिले. पुढच्या पगाराला तीन दिले आणि पावती मागितल्यासारखं म्हणाले, "आक्काला सांग."

राहिलेले दहा हजार सोयाबीन विकल्यावर आले. धनत्रयोदशीला दोन दिवस होते. मालकांनी माझ्या मशीनच्या फळीवर नोटा ठेवल्या आणि जायला वळले. मी त्यांच्यासमोर मोजल्या. शंभर कमी होते.

"शंभर कमी हायेत," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे की. च्यापाण्याला."

पंधरा माणसांचा महिनाभराचा चहा मी केला होता, साखरही माझ्याच यादीतली. पण ते काढत बसले नाही. हात पुढे केला आणि तसाच ठेवला. त्यांनी या खिशात पाहिलं, त्या खिशात पाहिलं, मग टोपीच्या घडीतून पन्नासाच्या दोन नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. अठरा हजार पुरे झाले.