गाळणीचं मडकं

झाडगावात भांडी घासणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण येसूबाईनं घासलेलं भांडं दहांतून वेगळं काढता येई. पितळेच्या घागरीत बघून ती कुंकू लावते, असं लोक म्हणत. हे खरं नव्हतं. कुंकू ती बंदराकडच्या मांडवीतून, आपल्या घरूनच लावून येई. पण घागर मात्र तशी असे. राख, चिंच आणि नारळाची शेंडी, एवढीच तिची हत्यारं. एका घरच्या कढईचं तीन पिढ्यांचं काजळ तिनं एका दुपारी उतरवलं, तेव्हा कढई हलकी झाली म्हणून घरधनीण रुसून बसली होती. नवरा दादू गलबतावर खलाशी, पावसाळ्यापुरता घरी. मूलबाळ नाही. येसूबाईला गर्व म्हणावा असा एकच होता, आपल्या हाताचा, आणि तो खोटा नव्हता.

ती ज्यांच्याकडे कामाला होती ते हरिहरपंत वकील. पंतांचे कान गेले. साक्षीदार काय सांगतो ते कळेना, कोर्ट काय विचारतं तेही कळेना, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी वकिली सोडली आणि पडवीत आरामखुर्ची टाकली. सुरुवातीला माणसं भेटायला येत. ओरडून ओरडून त्यांचे घसे बसत. मग ती हळूहळू येईनाशी झाली. उभा जन्म बोलण्यावर पोट भरलेला माणूस दिवसभर अंगणातल्या माडांकडे बघत बसे, ते पाहून त्यांची बायको यमुनाकाकू आत जाऊन डोळे पुसत असे.

मुलगा राजाभाऊ मुंबईला नोकरीत होता. त्यानं एकोणीसशे तीस सालच्या दिवाळीत आगबोटीनं एक काचेची पेटी पाठवली, बरोबर बरणीतून आठ तांबडे मासे आणि एक इंग्रजी पुस्तक. ज्या घराच्या उंबऱ्याला मासळीचा वास ठाऊक नव्हता, तिथं पडवीत, अगदी दर्शनी, मासे आले. आळीनं महिनाभर चेष्टा करून घेतली. ‘‘काय पंत, आज कालवण कसलं?’’ पंतांना ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे चेष्टा फुकट गेली. ते खुर्ची पेटीजवळ ओढून बसले ते बसलेच. ‘‘हे बोलत नाहीत, मला ऐकू येत नाही. आमचं बरं जमतं,’’ असं ते बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं म्हणत, आणि कितीतरी महिन्यांनी हसत.

आता त्या पाण्यात हात कोण घालणार? काकूंनी साफ नाही म्हटलं. तेव्हा काम येसूबाईकडे आलं. तिनं पहिल्या दिवशी पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘‘एवढ्याशांचा सार पन व्हायचा नाय, काकू.’’ रोज संध्याकाळी मासे चिरणाऱ्या बाईनं सकाळी मासे पोसायचे, ही गंमत तिला स्वतःलाही कळत होती.

पुस्तकातलं चित्र बघून पंतांनी पाणी साफ ठेवायची युक्ती काढली. तळाला भोक पाडलेलं एक मडकं पेटीवर घडवंचीवर ठेवलं. त्यात तळाशी काथ्या, त्यावर करवंटीचा कोळसा, वर नदीची वाळू. पेटीतलं पाणी तांब्यानं घेऊन मडक्यात ओतायचं, की गाळून थेंबथेंब परत पेटीत पडतं. दिवसातून चार वेळा असे वीस-वीस तांबे. पंत त्याला फिल्टर म्हणत, येसूबाई गाळणीचं मडकं. आणि दर शनिवारी मडकं रिकामं करून साफ करायचं.

साफ करायचं म्हटल्यावर येसूबाईला दुसरं काही सांगायला नको. तिनं काथ्या उकळत्या पाण्यात घातला, वाळू सात पाण्यांनी धुतली, मडकं आतून राखेनं असं खरवडलं की कुंभारानंही नवीन म्हणून घेतलं असतं. चौथ्या दिवशी दोन मासे उताणे तरंगू लागले. पुढच्या शनिवारी तिनं आणखी जोरानं घासलं. महिन्याभरात पेटी ओस पडली.

राजाभाऊनं दुसरे पाठवले, तेही गेले. काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. पंत म्हणाले, आगबोटीच्या प्रवासानं दमून आलेले असतात.  येसूबाईला वाटे, आपल्या हातून कुठेतरी मळ राहतोय. म्हणून ती आणखी घासी. पंत रिकाम्या पेटीसमोर खुर्ची तशीच ठेवून बसत आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागे. म्हणजे हात धरून उठवावं लागे. यावर काकूंनी एकदाच सांगितलं, ‘‘राजा आणखी एकदा पाठवतो म्हणालाय. हे मेले तर पुन्हा आणायचे नाहीत. ह्यांना असं बघवत नाही मला.’’

बत्तीसच्या माघात तिसरी खेप आली, नऊ मासे. त्याच सुमारास वेळणेश्वराहून निरोप आला की येसूबाईची आई आजारी आहे. ती गेली आणि वीस दिवस अडकली. पाणी ओतायचं काम पंतांनी स्वतः केलं, पण मडकं धुणं त्यांच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. येसूबाई परत आली, मडक्यात डोकावली आणि तिला लाज वाटली. काथ्या तपकिरी, बुळबुळीत, वाळूवर साय धरल्यासारखा थर. आणि खाली नऊच्या नऊ मासे टुणटुणीत.

तिनं काय केलं? जे नेहमी करी तेच. बसकण मारून सगळं लखलखीत केलं. तिसऱ्या दिवशी दोन मासे मेले.

त्या दुपारी ती दोन मासे केळीच्या पानावर घेऊन मागच्या अंगणात किती वेळ बसली होती कोण जाणे. ती अडाणी होती, पण वेडी नव्हती. धुतलं की मरतात, राहिलं की जगतात, हे आता तिच्या समोर पानावर होतं. म्हणजे दृष्ट नव्हती, आगबोट नव्हती. पंधरा-वीस जीव तिच्या हातानं गेले होते, ज्या हाताचं सगळी आळी नाव घेत होती त्या हातानं. ती रडली. मासे चिरताना जिच्या पापणीला कधी पाणी आलं नाही ती बाई दोन बोटभर माशांसाठी पदर तोंडात धरून रडली, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

मग काकूंचं दह्याचं मातीचं सट कोपऱ्यात पालथं दिसलं आणि तिला वाट सापडली. सट धुतात, पण विरजण राखून ठेवतात. सगळंच धुऊन टाकलं तर उद्याचं दही कशाचं लागणार? ‘‘त्या बुळबुळीत विरजन हाय काय तरी,’’ ती स्वतःशीच म्हणाली. त्या दिवसापासून मडक्याला राख नाही, उकळतं पाणी नाही. पेटीतलंच पाणी घमेल्यात काढून त्यात काथ्या हलका पिळायचा, तोही अर्धा. वाळू पुढच्या आठवड्याला. फक्त वरचा गाळ जायचा. हाताला ते काम अपुरं वाटे, बोटं शिवशिवत. पण सात मासे जगले. पंतांना तिनं खुणा करून सांगितलं, त्यांना निम्मं कळलं, आणि ते मान डोलावून पुन्हा पेटीकडे वळले. काकूंना मात्र तिनं सांगितलं नाही. मळका काथ्या मुद्दाम ठेवते, हे येसूबाईनं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेहतीस साली श्रावणी अमावास्येला सूर्यग्रहण आलं. सकाळी लागलं, दुपारी सुटलं. ग्रहण सुटल्यावर घरात साठवलेलं पाणी ओतून टाकायचं, माठ-घागरी घासून ताजं पाणी भरायचं, ही त्या घराची रीत, आणि चार दिवसांवर गणपती. काकू न्हाऊन बाहेर आल्या आणि पडवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘ती पेटीही गो. पाणी ते पाणी. मासे घंगाळात काढ, सगळं ओत, आणि ते मडकं आतून-बाहेरून घास.’’

 पावसाळा, आगबोटी बंद, नवे मासे येणार नाहीत. आणि आले असते तरी काकूंनी येऊ दिले नसते. पंत खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं.

तिनं पेटीचं पाणी ओतलं, काकूंसमोर ओतलं. पण त्याआधी दोन घागरी बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्या नव्या पाण्यात मिसळल्या. मडकं मागे विहिरीजवळच्या दगडी डोणीवर नेलं. काथ्या-वाळू काढून त्याच जुन्या पाण्यात घमेल्यात झाकून ठेवली. मग मडकं बाहेरून घासलं, असं घासलं की आळीत आवाज गेला. आतला थर बोटानंसुद्धा शिवला नाही. तसंच परत भरून घडवंचीवर ठेवलं.

‘‘आतून?’’ काकूंनी विचारलं.

‘‘आतना पन,’’ येसूबाई म्हणाली.

आयुष्यात भांड्याच्या बाबतीत ती पहिल्यांदा खोटं बोलली. त्या रात्री मांडवीत दादूनं विचारलं, जेवत का नाहीस. ती म्हणाली, पोट भरलाय.

मासे जगले. गणपतीला पाव्हणे आले, आणि पंत एकेकाचा हात धरून पेटीपाशी नेत होते, ‘‘हा बघा, हा सगळ्यांत लबाड,’’ करत. बायका पण जमल्या. काकूंनी येसूबाईला मागच्या दाराशी बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘ही हिची करामत. पहिले पटापट मेले. पण ग्रहणाचा विटाळ हिनं असा धुऊन काढलान मडक्यातून, की एक मासा हलला नाही. माझ्या घरात हिच्याइतकं चोख कुणी नाही.’’ आणि एक खण तिच्या हातात ठेवला. बायका ‘हात बघू’ म्हणाल्या. येसूबाईनं हात दाखवले.

दुसऱ्या दिवशी गणपती उठले. तिसऱ्या दिवशी सकाळी खण घडीसकट घेऊन ती मागच्या दाराशी आली. काकू नुकत्याच न्हाऊन सोवळ्यात होत्या, उदबत्ती हातात.

‘‘ह्यो घ्या. ता मडका मी आतना धुतलाच नाय, काकू. त्या दिशी खोटा बोललंय. धुतला की मासं मरतात. पयलं सगलं माझ्याच हातानं मेलं, माझ्या घासण्यानं. तो मल हाय म्हनून ते हायत. मना काढून टाकायचा तर टाका, पन मडका कुनास घासू देऊ नका.’’

काकूंनी खण घेतला नाही. सोवळ्यात त्याला हातही लावता आला नसता. ग्रहणाचं मडकं सहा-सात दिवस आपल्या पडवीत, देव घरात बसलेले असताना तसंच होतं, हे त्यांच्या ध्यानात येत गेलं आणि चेहऱ्याचा रंग बदलत गेला. पडवीतून पंतांचा मोठा आवाज आला, कुठल्यातरी माशाला ते रागावत होते, आणि मग हसले.

 उदबत्तीची राख काकूंच्या पायावर पडली.

‘‘मासे मेले असते,’’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘‘तर तुला चार शब्द बोलले असते, दारातून घालवली असती. आता ते जगलेत. ह्यांना हसताना ऐकत्येस ना? मग मी काय बोलू, तूच सांग.’’

 काकूंनी उदबत्ती खांबाच्या खाचेत खोवली, आणि ओलं लुगडं घ्यायला वळता वळता म्हणाल्या, ‘‘मडकं राहू दे तसंच. रहाट ओढ. ग्रहणाचा विटाळ घरातच राह्यला, मला परत न्हायला लागणार.’’