चार्जिंगचा पंप

नव्या वस्तूंचं मला लहानपणापासून वेड. घाटंजीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की जगभरचे लोक खोकी उघडून वस्तू दाखवतात ते व्हिडिओ मी पाहत बसतो. आपणहून घर झाडणारं यंत्र, बोलणारा फ्रीज, माणसावाचून चालणारा ट्रॅक्टर. बायको म्हणते, "घरचा पंखा केव्हाचा कुरकुरून राह्यला, त्याच्याकडे पाहा आधी." तिचं बरोबर आहे.

या वेडातला माझा जोडीदार म्हणजे शाळेपासूनचा मित्र. गावच्या वाचनालयात विज्ञानकथांची चार-पाच पुस्तकं होती, ती आम्ही आळीपाळीने न्यायचो. त्याची आई निरक्षर, पण पुस्तक जमिनीवर ठेवलेलं तिला चालायचं नाही. खताच्या रिकाम्या पोत्याला तीन भोकं पाडून आम्ही अंतराळवीराचा पोशाख करायचो. पाठीवर तेलाचा डबा बांधला की झाला ऑक्सिजन. नियम त्याचा होता: पोशाखावाचून यानातून जो उतरेल तो मेला. मी हमखास विसरायचो आणि मेलेला म्हणून बांधावर बसून राहायचो.

दहावीनंतर तो मजुरीला लागला आणि फवारणीत तरबेज झाला. आमच्याकडे फवारणीची मजुरी दिवसावर नसते, पंपावर असते. पाठीवरची टाकी जितक्यांदा रिकामी कराल तितके पैसे. हातपंपाचा दांडा सतत वरखाली करावा लागतो. दुपारपर्यंत त्याचा खांदा भरून यायचा, मग तो बाभळीखाली आडवा व्हायचा आणि नशिबाला शिव्या घालायचा.

म्हणून बोंडअळीने कहर केला त्या वर्षी मी ऑनलाइन चार्जिंगचा पंप मागवला. त्याच्यासाठी, माझ्याकडून. व्हिडिओ आम्ही दोघांनी मिळून पाहिला होता. खोकं आलं तेव्हा काउंटरवर ठेवून, व्हिडिओतल्यासारखं ब्लेडने हळूच उघडलं. टाकीत पाणी भरून बटण दाबलं तर दुकानापुढे पाण्याचा बारीक धूर पसरला.

"काय चीज हाय बे!" तो म्हणाला. "आता हाताले कामच नाई!"

इतके खूश आम्ही पुस्तकं वाचायचो तेव्हाच असायचो.

आता खांदा भरून येत नव्हता, म्हणून तो थांबतही नव्हता. पूर्वीच्या दुप्पट टाक्या मारायचा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली. नळी वर धरायची आणि औषध तोंडावर झेलायचं. अंगात बनियान, तोंडाला दुपट्टा. चौथ्या दिवशी भरदुपारी त्याच्या बायकोचा फोन आला.

"भाऊजी, यायच्या डोळ्याले दिसून नाई राह्यलं."

यवतमाळच्या दवाखान्यात त्या वॉर्डात सगळे फवारणीवालेच होते. डॉक्टरांनी विचारलं, तोंडावर काय होतं? मी दुपट्टा म्हणालो. त्यांनी तसं लिहून घेतलं. मित्र वाचला. डोळे मात्र गेले ते गेले. उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळतं.

घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पंपवाल्या माणसाने गळ्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घातला होता. हातमोजे, चष्मा, नाकावर जाडजूड मास्क. सगळं पहिल्यापासून तिथेच होतं. आम्ही त्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं, पंपाकडे पाहत होतो. लहानपणी पोशाखाचा नियम करून खेळणारे आम्ही. मोबाइल फेकून द्यावासा वाटला. फेकला नाही, माझं पोट त्याच्यावर आहे.

आम्ही वाचलेल्या गोष्टींत यंत्रं माणसावर उलटायची, हुकूम मोडायची. त्यावर आम्ही तासन्तास वाद घालायचो. माझ्या पंपाने एकही हुकूम मोडला नाही. तो अजूनही झकास चालतो. मित्राला जे वाचवत होतं ते त्याचं थकणं होतं, आणि तेच मी मागवलेल्या, खोक्यातून आलेल्या वस्तूने काढून घेतलं. हे मी त्याला एकदा रडत सांगितलं. तो म्हणाला, "गप राय बे. तुले का मालूम होतं?" त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामात एका सकाळी तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून दुकानात आला. तिच्या हातात पंप होता.

"चार्जिंगले लाव. वस्तीत लाइन नाई."

"कायले?"

"आता हे मारते."

ती पूर्वी त्याच्या फवारणीसाठी डोक्यावरून पाणी आणायची. आता तीच पंप घेणार होती. मी खणातून मास्क आणि चष्मा काढला, तिच्यासाठी नव्हे, अपराधी वाटून मागवून ठेवला होता. तिने चष्मा हातात घेऊन पाहिला.

"मागं एकीनं लावला होता, भाऊजी. घामानं काचेतून काईच दिसत नाई म्हणे." तरी तिने दोन्ही पिशवीत टाकलं. घालणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

तो स्टुलावर बसला. चार्जरचा दिवा लाल होता. मग हिरवा झाला.

"झाला का हिरवा?" त्याने विचारलं.

"नाई अजून."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. ती माझ्याकडे आणि दिव्याकडे पाहत उभी होती. हे खोटं किती वेळ पुरणार होतं, मला माहीत नव्हतं. त्याने हात लांब केला, वायर चाचपत चार्जरपर्यंत आला आणि त्यावर तळवा ठेवला.

"गार पडला हा," तो म्हणाला. "चार्ज झाला. काढ आता."

मी काढला. त्याने चाचपून पट्टे तिच्या खांद्यांवर चढवले, ओढून पाहिले, लहानपणी माझ्या पाठीवरच्या डब्याची दोरी पाहायचा तसे. मग आपल्या गळ्यातला दुपट्टा सोडला आणि तिच्या नाकातोंडावर घट्ट बांधला. दुपट्टा तोच होता, मागच्या वर्षीचा. मी वायर गुंडाळून खणात ठेवली.