रबरी म्हाताऱ्याचा कान

चौतीस वर्षं खाकी घातली. खून बघितले, दरोडे बघितले, विहिरीतून प्रेतं वर काढली. तरी नोकरीचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे आधी येतं ते एक रबरी डोकं. ऐकणारा हसतो. हसू द्या. त्या डोक्यापायी एका गरीब माणसाची हाती आलेली नोकरी जाणार होती. ती गेली नाही, एवढं मला पुरे आहे.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो. माझं अक्षर बघून साहेब लोक कपाळाला हात लावायचे, पण मी लिहिलेला पंचनामा कोर्टात कधी पडला नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीही सांगतो.

संगमनेरच्या बाजूच्या एका ठाण्यात तेव्हा मी हवालदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. चाळिशीचा एक माणूस आला. एका डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासायचं काम करायचा. अर्ज घरूनच लिहून आणला होता. पहिलीच ओळ : 'माझा कलेक्टर मास्क घरातून चोरीस गेला आहे.'

ठाणे अंमलदाराने 'कलेक्टर' एवढं वाचलं आणि थेट साहेबांना फोन लावला. "साहेब, कलेक्टर साहेबांची वस्तू चोरीला गेलीय!" साहेब तिकडून ओरडले, "ताबडतोब गुन्हा दाखल करा! संशयित कोण?" एवढी पळापळ बघून फिर्यादीही गडबडला. "घरात रंगकाम चालू होतं," तो म्हणाला, "त्या खोलीत रंगारीच एकटा होता." ते वाक्य तसंच्या तसं टाईप झालं. गुन्ह्याला नंबर पडला. मग अंमलदाराने विचारलं, "कलेक्टर साहेबांचा मास्क तुमच्या घरी कसा?"

"साहेबांचा नाही हो," फिर्यादी म्हणाला. "हौसेने वस्तू जमवणाऱ्यांसाठी बनवतात, त्याला कलेक्टर मास्क म्हणतात. रबराचा. परदेशातून मागवलेला. म्हाताऱ्याचं तोंड आहे."

ठाण्यात जे हसं झालं ते झालं. पण कॉम्प्युटरमध्ये चढलेला गुन्हा हसून उतरत नाही. माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये त्याच रंगाऱ्याचा चारित्र्य पडताळणीचा कागद पडला होता. एका शाळेत शिपायाच्या जागेवर त्याची निवड झाली होती आणि पोलिसांचा अहवाल पंधरा दिवसांत हवा होता. घरफोडीत, चोरीत संशयित म्हणून नाव असलं तर तसं लिहावं लागतं. मी तसं लिहिलं की शाळा दुसरा माणूस घेणार. साधा हिशोब.

तपास माझ्याकडे आला, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता.

रंगाऱ्याला बोलावलं. बाकड्यावर बसला. नखांत पांढरा रंग, पायात दोन वेगळ्या चपला.

"मुखवटा बघितला होता का?"

"बघितला की. कपाटावर व्हता. लई भ्या वाटलं, सायेब. वरनं टक लावल्यावानी बघायचा. मंग त्याच्या तोंडावर पेपर टाकला आन् छत मारलं."

"पुढं?"

"दुसऱ्या दिशी पेपर व्हता, त्यो न्हवता."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? म्हनलं, बरं झालं, गेला."

माझा अनुभव असा, की चोर ती वस्तू आपण पाहिलीच नाही म्हणतो. हा पाहिली म्हणत होता, आणि भ्यालो असंही सांगत होता. मी जबाब लिहून त्याला घरी सोडलं. साहेब चिडले. "दोन ठेवून द्यायच्या होत्या. बोलला असता."

"साहेब, मारल्यावर माणूस आपल्याला पाहिजे तेच बोलतो. मला आठ दिवस द्या."

"रबराच्या तोंडासाठी आठ दिवस?"

"तोंडासाठी नाही साहेब. शिपायाच्या जागेसाठी."

त्यांनी समोरची फाईल ओढली. मी तो होकार धरला.

फिर्यादीच्या घरी जाऊन पंचनामा केला. कडी-कुलूप शाबूत. फिर्यादी, त्याची म्हातारी आई, दोघंच घरात. आई चहा ठेवून आत निघून गेली ती बाहेर आली नाही. फिर्यादीने मला मोबाईलवर फोटो दाखवले. खरंच, गाल बसलेला, डोळ्यांखाली पिशव्या, कपाळावर आठ्या, असा हुबेहूब म्हातारा. तो सांगत होता, हे झाडाच्या चिकाचं रबर असतं. नुसतं ठेवलं तर आपल्याच वजनाने खाली बसतं, घड्या पडतात, मग त्या घडीवर तडकतं. म्हणून आत भराव घालून, मानेखाली बैठक लावून त्याचा छातीपर्यंतचा पुतळा करावा लागतो.

"मग केला का नाही?"

"हात धजला नाही," तो म्हणाला. "बिघडला तर? दोन वर्षं आत वर्तमानपत्रं कोंबून ठेवला होता."

मी फोटो माझ्या ओळखीच्या माणसांना पाठवले. हॉटेलवाले, टेम्पोवाले, बाजार फिरणारे. शुक्रवारी सकाळी घोडेगावहून एका जनावरांच्या व्यापाऱ्याचा फोन आला.

"अण्णा, तुमचं मुंडकं सापडलं. हितं फेटा बांधून बसलंय!"

फिर्यादीला बरोबर घेतलं, साहेबांना कळवलं, तिकडच्या ठाण्यात नोंद केली आणि बाजारात पोचलो. जनावरांच्या बाजाराला लागूनच एक दुकान. बैलांच्या झुली, गोंडे, घुंगरमाळा, आणि एका बाजूला लग्नाचे फेटे. दारातच तो बसलेला. लाल फेटा, चिकटवलेल्या पांढऱ्या मिशा, काचेचे डोळे. जाणारी येणारी माणसं त्याला बघून थांबत होती.

दुकानदार ऐसपैस माणूस. आधी घाबरला, मग त्याला त्या पुतळ्याची तारीफ करायचा मोह आवरेना. "मी सोता बनवला, सायेब. लाकडाचा दांडका घेतला, तुपाच्या डब्यात शिमिट ओतून उभा केला. त्याच्यावर हे तोंड चढवलं. आन् खिडकीच्या फटीत मारतात ना त्यो फेस, त्याचा आख्खा डबा आत सोडला. बघता बघता असा फुगला, असा फुगला... मी म्हनलं आता बोलतो का काय!"

फिर्यादी पुतळ्यापुढे उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग मान हलवली.

"हा माझा नाही, हवालदार."

"नीट बघा."

"माझ्या म्हाताऱ्याचे गाल बसलेले होते. हा तर गुबगुबीत आहे. आठ्याही नाहीत. शिवाय माझ्या मुखवट्याला आतून कंपनीचा नंबर होता."

दुकानदाराला जोर चढला. "आता काय म्हनता? असल आत नंबर, तर फोडा डोकं! निघाला तर तुमचा."

नंबर होता, पण मानेच्या आतल्या बाजूला, फेसात आणि सिमेंटमध्ये गाडलेला. फोडलं आणि नंबर निघाला तर मुखवटा गेला. नाही निघाला तर दुकानदाराचं नुकसान आणि माझी फजिती. आणि फिर्यादी नाही म्हणाला तर केस तिथेच संपली. रंगाऱ्याचं नाव कागदावर तसंच राहणार.

मी हट्टी माणूस. खुर्ची ओढून पुतळ्यासमोर बसलो. तेव्हा मला विहिरी आठवल्या. पाण्यात राहिलेलं माणूस सुजतं. सख्खा भाऊ सांगतो, हा आमचा नाही. अशा वेळी आम्ही जुने हवालदार नातेवाइकांना तोंड दाखवतच नाही. कान दाखवतो. कान सुजून ओळख जाईल इतका बदलत नाही.

"फेटा काढा," मी म्हणालो.

"अवो, बांधायला अर्धा तास गेला!"

"काढा."

फेटा निघाला. मोठे, लांब पाळीचे दोन कान. कान भरीव जाड रबराचे, त्यात फेस शिरलाच नव्हता. मी फिर्यादीला म्हटलं, "तोंड विसरा. फक्त कान बघा."

तो वाकला. डाव्या कानामागे बोट फिरवलं आणि तसाच थांबला. "आला तेव्हा इथे चिरलेला होता," तो हळूच म्हणाला. "मी पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला होता. ही माझीच रेघ." मोबाईलवर त्या जोडाचा फोटोही होता. दोन पंचांना दाखवला, पंचनाम्यात लिहून घेतला. माझ्या अक्षरात.

दुकानदाराचा चेहरा उतरला. "मी चोर न्हाई, सायेब. मी त्यो बोहारनीकडनं घेतला. ती बगा, पलीकडं बसलीय."

पलीकडे जुन्या कपड्यांचा ढीग लावून एक बाई बसली होती. घरोघर भांडी देऊन जुने कपडे घेणारी. मी मुखवट्याचं नाव काढताच ती उभीच राहिली.

"चोरीचा? माज्या तोंडावर म्हनता? अवो, झाकनाचा डबा दिलाय मी त्याच्या बदल्यात! पाच लुगडी, दोन शर्ट आन् हे तोंड. ती म्हातारी तर पातेलं बी मागत व्हती!"

"कोणती म्हातारी?"

"संगमनेरच्या अलीकडं. घराला रंग लावत व्हते. दाराचा वला रंग माज्या पदराला लागला, हे बगा!" तिने पदर पुढे केला. निळा डाग होता. "म्हनली, घे बाई, घेऊन जा, माज्या लेकाला कळायच्या आत. मेलेलं तोंड घरात नको."

फिर्यादी माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या घराचं दार निळं होतं, ते मी पंचनाम्यात लिहिलं होतं. त्याने वाकून तो डाग बघितला. परतीच्या वाटेवर जीप राहुरीला पोचली. तिथे तो एकदम हसायला लागला. "झाकणाचा डबा," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा हसला. मीही हसलो. काय करणार?

फिर्यादीच्या घरी त्याच्या आईला, त्या आजीला, मी स्वयंपाकघरात एकटीला गाठलं.

"आजी, मुखवटा तुम्ही दिला?"

"दिला."

"मी मागं आलो तेव्हा का सांगितलं नाही?"

"तुमी पोलीस. आन् लेक रडत हुता. कसं सांगू?" मग ती जरा तडकली. "रंगाऱ्याचं नाव मी न्हाई घेतलं."

"घेतलं नाही. पण त्याची नोकरी जात होती, आजी."

तिने पदर तोंडाला लावला. "रंग देताना त्यो मला म्हनला हुता, मावशी, नोकरी लागली का पेढे आनतो." मग जबाब दिला, सगळा खरा, आणि अंगठा न देता सही केली. चौथी शिकलेली होती. ते तिने मला मुद्दाम सांगितलं.

गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टात क समरी, म्हणजे केस बंद करायची शिफारस, पाठवली. पुतळा कोर्टाच्या हुकुमाने फिर्यादीला परत मिळाला. फेटेवाला दुकानदार तो सोडत नव्हता, पण फिर्यादीने त्याला एक मोठी गोष्ट कबूल केली, की कपाटावर तसाच राहून हा तडकला असता, तू भरलास म्हणून टिकला. भरायचं मात्र थोडं थोडं असतं. एक थर वाळला की दुसरा, आणि बाहेरून हाताने आधार देत. मग दोघांनी मिळून मागून चीर देऊन गालामागचा फेस कोरून काढला. मी शेजारी बसून बघत होतो. फेस निघेल तसा म्हाताऱ्याचा गाल आत जात होता, आठ्या परत येत होत्या. माणूस बरा होताना बघावा तसं वाटलं. फेटेवाल्यासाठी फिर्यादीने नंतर थर्माकोलचं दुसरं डोकं करून दिलं. त्याला ते तेवढं आवडलं नाही.

पडताळणीचा अहवाल मी पंधराव्या दिवशी लिहिला. 'प्रतिकूल काही नाही.' सही करताना साहेब म्हणाले, "अक्षर सुधारा आता." पण सही केली. रंगारी कागद घ्यायला आला तेव्हा आजी त्याच्याबरोबर होती. तिने ठाण्यात सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "माजं चुकलं, बाबा." तो लाजून म्हणाला, "जाऊ द्या मावशी, तुमचं छत अजून एक हात मागतंय."

ही केस मला दोन गोष्टी शिकवून गेली. घरातल्या चोरीचा संशय लिहिण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला एकटं गाठून चहा घ्यावा आणि या महिन्यात काय काय देऊन टाकलं ते विचारावं. पुढे ती पद्धत मला पुष्कळदा उपयोगी पडली. दुसरी गोष्ट, माणसाचं नाव त्याच्या चेहऱ्यासारखं असतं. घाईत त्यात नको ते भरलं की त्याचं त्यालाही ते ओळखू येत नाही. ते कोरून काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ पोलिसाने द्यायचा असतो. ते त्याचं काम आहे, उपकार नाहीत.

रंगारी आता त्या शाळेत कायम झालाय. मी त्या रस्त्याने गेलो की तो फाटकापाशी उभा राहतो. मी म्हणतो, अरे बस. तो काही बसत नाही. हट्टी आहे.