दुसऱ्यांची पोटं

दुसऱ्याच्या पोटाची काळजी वाहण्यात आमच्या कामठ्याच्या मावसाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. पाहुणा अंगणात चप्पल काढतो न काढतो तोच ते विचारत, "सकाळी साफ झालं का?" लग्नानंतर मी बायकोला पहिल्यांदा घेऊन गेलो, तर तिलाही तोच प्रश्न, आणि तोही भरल्या पंगतीत. ती आधी लाजली, मग रडकुंडीला आली. मावशी तिला समजावत म्हणाली, "मनावर घेऊ नको बाई, त्यायनं तहसीलदारालेही असंच विचारलं होतं." बाजारात बैल घ्यायचा तर त्याच्या दातांआधी मावसाजी शेण पाहत. गावात कुणाचं पोट फुगलं, कुणाला आव पडली, की ओवा, बेलफळाचा गर आणि न मागितलेला सल्ला घेऊन हे दारात हजर.

मग गावच्या शाळेत शिबिर आलं. आतड्यातल्या कर्करोगाचा संशय वेळेत यावा म्हणून, शौचात न दिसणारं रक्त आहे का हे तपासायचं होतं. नर्सबाईंनी पन्नाशीपुढच्या सगळ्यांना नमुन्यासाठी एकेक डबी वाटली. गाव खदखदून हसलं. मावसाजी मात्र खवळले. "हसता कायले? बैलाचं पाहता, आपलं पाहाले लाज वाटते?" असं म्हणत ते घरोघर फिरले. तरी परत आलेल्या डब्या एका लहानशा पिशवीत मावल्या. त्यात खुद्द मावसाजींची नव्हती. तिच्यात त्यांनी भेंडीचं बी भरून ठेवलं होतं.

"एवढी चांगली झाकणाची डबी, घाण कायले करू? अन् मले काय होते?" ते म्हणाले. मीही हसलो.

पुढच्या वर्षी त्यांना नागपूरला न्यावं लागलं. ऑपरेशन झालं, पण रोग यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. मावशी खाटेशी बसून होती.

"कधीपासून रक्त जाऊन राहिलं होतं?" तिनं विचारलं.

"शिबिराच्या आधीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

मावसाजींनी नजर छताकडे वळवली. "लाज वाटे."

"माह्यासमोर?"

"तुह्याच समोर तं."

मावशी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया दाटून आली. त्या उन्हाळ्यातच मावसाजी गेले. आम्ही त्यांना जन्मभर ओळखत होतो, एवढं एक सोडून.