रहिमतपूरची किल्ली

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या एकाही माणसाजवळ हे माझ्या तोंडून निघालेलं नाही — बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. पलूसला गावाकडं गेलो की अजून कुणीतरी आपल्या पोराला माझं उदाहरण देतं. मी मान खाली घालून हसतो. त्यांना वाटतं, लाजतोय.

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंसाठी आम्ही आवाज सांभाळायचं काम करायचो. घशाच्या कॅन्सरमुळं ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवायचा. पुढं त्यांनी फोनवर टाइप केलं की फोन त्यांच्याच आवाजात बोलणार. मूळ रेकॉर्डिंग क्लाउडवर, कुलूप लावून. त्या कुलपाची किल्लीही क्लाउडवरच, पण वेगळी, कडेकोट जपलेली. ती एकदा नष्ट झाली की फाइल जागच्या जागी राहते, पण ती उघडता कुणालाच येत नाही. ती बनवणाऱ्याला नाही, क्लाउडवाल्या कंपनीलाही नाही.

हे सगळं उभं केलं होतं तबस्सुमनं. ती रहिमतपूरची. आम्ही कॉलेजपासून बरोबर, नोकरीलाही एकाच महिन्यात लागलो. तिनं त्या किल्लीचं नाव आपल्या गावावरून ठेवलं होतं — रहिमतपूर. गंमत म्हणून. साहेबांना ते आवडायचं. पाहुणे आले की म्हणायचे, आमच्याकडं सगळी कुलपं रहिमतपूरच्या किल्लीनं उघडतात, आणि तिच्याकडं बघून हसायचे.

माझ्या पोटात दुखायचं. सरळच सांगतो ना. ती हुशार होती म्हणून नव्हे, ती हुशार आहे हे सगळ्यांना न सांगता कळायचं म्हणून.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, कंटाळू नका. आम्ही क्लाउडवर जाऊन हातानं काही बदलत नाही. काय काय असायला हवं ते कोडमध्ये लिहून ठेवायचं. मग एक टूल ते लिखाण वाचतं, प्रत्यक्षात काय आहे ते बघतं, आणि दोन्ही जुळवून देतं. लिहिलेलं नसेल ते बनवतं, लिखाणातून गेलेलं असेल ते मोडतं. त्याला माणसाच्या मनातलं कळत नाही. तुम्ही एखाद्या गोष्टीचं नुसतं नाव बदललंत, तर ते म्हणतं — जुन्या नावाची इथं नको आहे, मोडा. नव्या नावाची हवी आहे, बनवा. नाव बदललं आहे, वस्तू तीच आहे, असं वेगळं लिहून द्यावं लागतं. मला हे ठाऊक होतं. पण कामाच्या घाईत ठाऊक असणं आणि आठवणं एकच असतं का?

एक दिवस मी रहिमतपूर खोडून तिथं 'मुख्य' असं लिहिलं. साफसफाई करतोय म्हणून. टूल अडलं. तबस्सुमनं किल्लीपाशी एक ओळ लिहून ठेवली होती — हिला कुणी मोडायचं नाही. ती ओळ मी काढली. मग टूलनं दाखवलं की एक बनवणार, एक मोडणार. ते मी वाचलं आणि पुढं गेलो. आमच्याकडं नियम होता, एकानं केलेला बदल दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचा. मी तिला म्हणालो, फक्त नावं बदललीत गं, बघून टाक. ती जेवत होती. एका हातानं बटण दाबत म्हणाली, "तू म्हंतोस म्हंजे बघितलंच असशील की."

हे एवढं सगळ्यांना माहीत आहे. चौकशीत निघालंच ते. म्हणजे मी अजून कबुलीच्या जवळही आलेलो नाही — अजूनही आडवळणानं चाललोय.

तर — किल्ली मोडा म्हटलं म्हणून ती लगेच मोडत नाही. मध्ये मुदत असते. तेवढ्या दिवसांत ती बंद पडून राहते, पण एका बटणावर परत जिवंत करता येते. तबस्सुमनं ही मुदत जास्तीत जास्त ठेवली होती. आणि मोडायची नोंद झाली की एक मेल येतो. तो आधी तिला यायचा. मी कारभार हातात घ्यायच्या नादात तिचा पत्ता काढून तिथं माझा एकट्याचा घातला होता.

तो मेल मला आला. मी वाचला.

त्याच वेळी का नाही दाबलं बटण? मीही हे स्वतःला विचारलेलं आहे, हजारदा. त्या आठवड्यात साहेब ठरवणार होते, टीमचा प्रमुख कोण — ती की मी. बटण दाबलं असतं तर त्याची नोंद राहिली असती, माझ्या नावानं. म्हटलं, निर्णय होऊ दे, मग गुपचूप करतो. फोनमध्ये आवाजाची एकेक प्रत असतेच, मूळ रेकॉर्डिंग कोण मागतंय?

मागितलं. किसन सुभेदारांनी. पलूसच्या पुढं त्यांची वस्ती, माझ्या मामाच्या शेताला लागून. उसाला पाणी देताना त्यांचा फोन पाटात पडला. नवा घेतला, पण त्यात आवाज उतरेना. डॉक्टरबाईंचा मला फोन आला. मी म्हणालो, सर्व्हरचं काम चालू आहे, चार दिवस थांबायला सांगा.

सुभेदारांचं रेकॉर्डिंग करायला मी आणि तबस्सुमच गेलो होतो. फौजेत आयुष्य गेलेला माणूस, छापील वाक्यं सावधान उभं राहिल्यासारखी वाचत होता. तबस्सुम म्हणाली, "आवं काका, हे पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या, घरात बोलता तसं बोला की." मग त्यांनी आत तोंड करून हाक मारली — "आगं हौसा, च्या टाक, पावनी आल्यात." काकी आतून म्हणाल्या, कवाच टाकलाय. तेही त्यात आलं. आम्ही सगळे हसलो होतो.

हे सगळं कुलपाच्या आत होतं, किल्ली अजून जिवंत होती, आणि बटण माझ्यासमोर होतं.

साहेबांचा निर्णय लांबला. आणि गंमत बघा — गंमत कसली — रोज बटण दाबणं जास्त अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी दाबलं असतं तर चूक सुधारली, एवढंच झालं असतं. नंतर प्रश्न आला असता, इतके दिवस काय करत होतास? मेल कधी वाचलास? सुभेदारांना थांबायला सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं? प्रत्येक दिवस मीच खर्च करत होतो आणि मीच त्याला घाबरत होतो. शेवटच्या दिवशी दुपारी मी ते पान उघडून बसलो. बोट बटणावर होतं. शेजारच्या टेबलावर तबस्सुम कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी पान बंद केलं आणि खाली चहाला गेलो. वर आलो आणि तो मेल पुसून टाकला. ही ती गोष्ट.

चूक नव्हती ती. चूक आधी झाली होती. हे मी ठरवून केलं.

मुदत संपली, किल्ली कायमची गेली. चौकशी झाली तेव्हा मी म्हणालो, मी नावंच बदलली होती. किल्ल्यांचं तिला जास्त कळतं, मंजुरी तिची आहे. आणि मेलचं? मेल बहुतेक आलाच नाही, म्हणालो. ती भांडली नाही. "मी वाचायला पायजे हुतं," एवढंच म्हणाली. प्रमुख मी झालो.

तिनं नोकरी सोडली. जाण्याआधी म्हणाली, सुभेदारांकडं जाऊन येऊ, तुझ्या ओळखीचे आहेत, तूही चल. गेलो. ती काकांच्या पायाशी बसली आणि माझ्यामुळं झालं म्हणाली. मी खुर्चीवर चहाचा कप धरून होतो. सुभेदारांनी नव्या फोनवर टाइप केलं, आणि फोन कुठल्या तरी शहरी, गुळगुळीत आवाजात म्हणाला, असू दे पोरी. तसल्या आवाजात काका कधी 'पोरी' म्हणाले नसते. काकी म्हणाल्या, "आवं, ते बंद करा. घरात परका बाप्या बोलल्यागत वाटतंय." त्यांनी फोन उपडा ठेवला. नंतर ते पाटीवर लिहायला लागले. काकींना वाचता येत नाही.

तबस्सुम आता रहिमतपूरला वडलांच्या कापडाच्या दुकानात बसते. मी प्रमुख आहे. सुभेदारांच्या फाइली अजून जागेवर आहेत, नावासकट. मी त्या पुसलेल्या नाहीत. कशासाठी ठेवल्यात, मलाही सांगता येणार नाही.

सुभेदार गेले. दहावं झाल्यावर काकींचा मला फोन आला. मला वाटलं, आवाजाचं काही विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "ती पोरगी बरी हाय न्हवं? लय रडली हुती त्या दिशी. माज्याकडं तिचा लंबर न्हाई. तिला सांग, आमचा काय राग न्हाई म्हनावं."

सांगतो, म्हणालो.

सांगितलेलं नाही.