राखणीचं पोतं

सरिता पंधरा वर्षं लोकांच्या वावरात राबली. यंदा मात्र तिनं डोंगरकड्याच्या संतरामचं दोन एकर वावर ठोक्यानं केलं, म्हणजे वर्षाचे पैसे आधीच देऊन टाकले. गाठीला होतं नव्हतं ते त्यात गेलं. खताचं कसंबसं जमलं, विकतच्या बियाण्याचं काही जमेना. पण घरात साठ किलो सोयाबीन होतं, गेल्या कापणीच्या मजुरीत पैशाऐवजी मागून घेतलेलं. तेच पेरायचं, हे तिनं दिवाळीलाच ठरवलेलं. बाई मोठी धोरणी!

ते पोतं तिनं जिवापाड जपलं. ओल लागू नये म्हणून खाली फळ्या टाकल्या, आणि राखणीला सासू बसवली. सासूचा, धुरपताबाईचा, गुडघा धरलेला. तिला खाली बसता यायचं नाही.

"आत्याबाई, पोत्यावरच बसत जा. राखण बी व्हते," असं सरिताच म्हणाली होती. म्हातारी सात महिने तिथं बसली. तिथंच भाजी निवडली, तिथंच चहा प्याली, आल्यागेल्यालाही सरकून जागा दिली.

पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण बघावी लागते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहाव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर बिनघोर पेरावं. सरितानं गुंडाळी न्हाणीजवळ ठेवली आणि तिचं जेवणावरचं लक्षच उडालं. दिवसातून चारदा ती कोपरा उचलून बघायची. नवरा रत्नपाल वैतागला.

"काहून सारखं उघडून पाहून राहिली? असं पाहिल्यानं उगवते का ते?"

सहाव्या दिवशी एक्केचाळीस निघाले. तिनं पुन्हा मोजले. तेवढेच.

गावात आलेल्या कृषी सहायकाला तिनं घरी आणलं. त्यानं दाणे तळहातावर घोळवले. बऱ्याच दाण्यांची साल तडकलेली होती.

"सोयाबीनचं बी लई नाजूक असतंय ताई. पोतं आदळलं का कुठं? वर काही वजन ठेवत होता का?"

"न्हाई," सरिता म्हणाली. धडधडीत खोटं बोलली, कारण धुरपताबाई मागं दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी बघते तर म्हातारी जमिनीवर. दुखरा पाय लांब पसरलेला, पुढ्यात सूप, आणि एकेक दाणा डोळ्यांजवळ नेऊन तडकलेला बाजूला टाकतेय.

"उठा आत्याबाई, पाय धरंल."

"धरू दे."

आठ दिवस हेच चाललं. सरिताला बघवत नव्हतं. राग यायचा तो स्वतःचा. 'बसत जा' म्हणणारी तीच, आणि ते तोंडानं कबूल करायची हिंमत काही तिच्याच्यानं होईना.

निवडून चाळीस किलो उरलं. पुन्हा शंभर दाणे, पुन्हा गुंडाळी. या वेळी तिनं एकदाही उघडून पाहिलं नाही, भीतीच तेवढी होती. बहात्तर निघाले. पण चाळीस किलोत एकच एकर नीट व्हायचं. दुसऱ्यात काय पेरायचं, ते कुणालाच सुचत नव्हतं. पैसे तर दोन्ही एकरांचे गेले होते.

पेरणीच्या दिवशी धुरपताबाई हट्टानं वावरात आली. लंगडत आली, वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी राहिली. पेरणं सुरू झालं. पोत्यातलं शेवटचं बी पाभरीत ओतून झालं तशी सरिता बांधाकडे आली, रिकामं झालेलं पोतं झटकलं आणि धुऱ्यावर अंथरलं.

"बसा आत्याबाई. माझंच चुकलं व्हतं, मीच बसवलं तुमाला."

म्हातारीनं पोत्याकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं.

"न्हाई बाई. खाली बी हाय."

"धुऱ्यावर कुठलं आलं बी?"

"एखादा दाणा उडून आला असंल."

पेरणी उरकेपर्यंत ती एका पायावर भार देऊन उभीच राहिली.